बँजोची घोडी

"एकेक तार बदल हां बाय, सगळ्या एकदम उतरवू नको," असं इनासबाबा म्हणाले, तोवर मी चौथी खुंटीसुद्धा सैल करून बसले होते. शेवटची तार ढिली पडली आणि चामड्यावर उभी असलेली लाकडाची बोटभर घोडी आडवी झाली, घसरली आणि माझ्या मांडीवरून फरशीवर पडली.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"झालं," इनासबाबा म्हणाले. "आता ती कुठं उभी होती ते कुणाला ठाऊक?"

मी घोडी उचलली. मोडली नव्हती, पण तिची जागा गेली होती. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती उभी पट्टी. आमच्या तंबोऱ्याची घोडी सरसाने चिकटवलेली असते. साऱ्या तारा उतरवा, वाद्य उलटं करून झटका, ती जागची हलत नाही. ह्या परक्या वाद्याची घोडी नुसत्या तारांच्या दाबावर उभी असेल, हे मिरजेत तंबोऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात कुठून येणार? आणि ती सुताएवढी जरी इकडेतिकडे बसली, तरी मानेवरच्या पितळी पट्ट्यांवर बोट दाबून निघणारे सगळे सूर खोटे.

"मी लावून देते," मी म्हटलं.

"तू? मेस्त्री कधी येणार ते सांग ना."

"आप्पा येतील दोनपर्यंत. तोवर थांबून मग काम काढलं तर गाडी चुकेल. बघा बाबा, तुम्हीच ठरवा."

ही १९८७च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. नवऱ्याचं घर सोडून मिरजेला परत आले त्याला चार वर्षं झाली होती. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सतारी-तंबोऱ्यांचं दुकान आमच्या घराच्या पुढच्याच खोलीत होतं आणि खिडकीखाली त्यांची गादी होती. त्या गादीवर बसून ते जवारी काढायचे. घोडीचा माथा कानशीने असा घासायचा की तार त्यावर जराशी थरथरावी आणि आवाजात गुंजन यावं, ह्याला म्हणायचं जवारी. सगळं वाद्य ह्या शेवटच्या कामावर उभं. मला पॉलिश करायची, खुंट्या बसवायची, तारा चढवायची मुभा होती. कानशीला हात लावायचा नाही. "बाईमाणसाचा हात चंचल," आप्पा म्हणायचे आणि विषय संपायचा.

मला ती गादी हवी होती. माहेरी परत आलेल्या मुलीला घरात जेवायला मिळतं, झोपायला मिळतं, पण दिवसभर बसायचं कुठे हे कुणी सांगत नाही. मला तिथे बसायचं होतं.

आणि मला ते काम येत होतं. त्या वर्षी आमचे तीन तंबोरे परत आले होते, तिन्ही एकाच तक्रारीने: जवारी फार उघडी, आवाज कर्कश. आप्पा म्हणाले, गवयांचे कान बिघडलेत. मग आप्पा दुपारी झोपले की मी परत आलेला तंबोरा मागच्या पडवीत न्यायची आणि घोडी गुपचूप नीट करायची. आई दारात शेंगा सोलत पहारा द्यायची. "वय झालंय त्यांचं," एवढं आम्ही दोघी बोलायचो. त्यापुढे कधी बोललो नाही.

त्या दिवशी आप्पा पहाटेच्या एसटीने तंबोऱ्यांसाठी भोपळे बघायला मंगळवेढ्याकडे गेले होते. अकराच्या सुमाराला दुकानासमोर टांगा थांबला आणि साठीचे एक गृहस्थ काळी पेटी छातीशी धरून उतरले. गोव्याचे इनास फर्नांडिस. तिकडून येणारी अरुंद रुळांची छोटी गाडी तेव्हा मिरजेत संपायची आणि पुण्याला जायला मोठ्या गाडीत बसावं लागायचं. त्यांना सव्वाचारची गाडी धरायची होती.

"बेंजो आहे," त्यांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे बेंजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला, बटणं दाबून वाजवायचा.

"तो नव्हे गो. हा टेनर बँजो." त्यांनी पेटी उघडली. चामडं मढवलेलं गोल तोंड, भोवती पितळी कडं, लांब मान आणि चार तारा. त्यांतल्या दोन तुटून कुरळ्या झालेल्या, उरलेल्या दोन गंजलेल्या. "उद्या माझ्या लेकीचं लग्न, पुण्यात. ती चर्चमधनं बाहेर येताना मी वाजवणार. तिला शब्द दिलाय. रात्री बर्थवर जरा हात फिरवला तर एक गेली. लोंढ्याला दुसरी गेली."

"नवीन तारा घेऊन नाही निघालात?"

"बायको असती तर तिनं घातल्या असत्या पेटीत," ते म्हणाले. ती कधी गेली ते मी विचारलं नाही.

टेनर बँजोच्या तारा मिरजेत मिळणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, मिळत नाहीत म्हणून सांगावं आणि टांगा परत पाठवावा. पण काम चार तारांचं आणि आप्पा घरात नाहीत. असा दिवस मला पुन्हा कधी मिळणार होता? मी बाबांना चटईवर बसवलं, तारांचा पत्र्याचा डबा काढला आणि घाईघाईत त्या खुंट्या सैल करून बसले.

आता घोडी हातात होती आणि घड्याळात पावणेबारा झाले होते.

बाबा बसेनात. दारापर्यंत जायचे, गल्लीत बघायचे, परत यायचे. "मेस्त्री खरंच दोनला येतील?" पुन्हा पाच मिनिटांनी, "एसटी वेळेवर असते काय तुमच्याकडं?"

"बाबा, तुम्ही बसलात तर माझा हात चालेल."

ते बसले आणि पाय हलवायला लागले. मीही काही शांत नव्हते. तुटलेल्या तारांचे तुकडे चिमटीत घेऊन फिरवून पाहिले. सगळ्यात बारीक तारेच्या जागी आमची शून्य नंबरची पोलादी चालणार होती, दुसरीला चार नंबरची. खालच्या दोन जाड, तारेवर तार गुंडाळलेल्या. तसल्या आमच्याकडे नव्हत्या. तिसरीला मी सतारीच्या जोडीची तार काढली, हाताला ती किंचित बारीक लागली म्हणून परत ठेवली, दुसऱ्या गुंडाळीतली जाडसर काढली. चौथीला तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी.

"पितळ?" बाबा उठून उभे राहिले. "अगो, हा काय भजनाला बसणाराय?"

"आवाज थोडा गोल येईल. पण सूर धरेल. नाहीतर दोन तारांवर वाजवा."

"बरं बाय. घाल तुझं पितळ."

तारेच्या टोकाला पिळून फास करायचं काम मी डोळे मिटून करायची, आणि बँजोच्या शेपटाला आमच्या सतारीसारखेच आकडे होते, त्यामुळे तिथे अडलं नाही. अडलं ते घोडीशी. मी दोरा घेतला. मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या आडापासून बाराव्या पट्टीपर्यंत मोजला आणि तेवढाच दोरा बाराव्या पट्टीपासून पुढे चामड्यावर धरला. सूर दुप्पट होतो ती जागा तारेच्या बरोबर मध्यावर असते. सतार असो की बँजो, त्यात फरक पडत नाही. तिथे पेन्सिलीची खूण केली, घोडी उभी केली आणि तारा ताणायला घेतल्या.

शून्य नंबरची पहिल्याच फटक्यात तुटली. टण्ण आवाज झाला आणि टोक माझ्या मनगटाला लागून रक्त आलं.

"सावकाश गो!"

"तुम्ही गप्प बसा हो जरा!" मी ओरडले. आपल्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसावर ओरडले. त्यांनी खिशातून रुमाल काढून पुढे केला आणि खरोखरच गप्प बसले. दुसरी शून्य नंबरची मी अगदी हळू चढवली. ती टिकली.

मग बाराव्या पट्टीवर बोट दाबून वाजवायचं, बोट नुसतं टेकवून वाजवायचं, दोन्ही आवाज ताडून बघायचे, घोडी नखाएवढी मागे सरकवायची, पुन्हा वाजवायचं. दीड वाजता दोन्ही आवाज एक झाले. मी बँजो बाबांच्या हातात दिला. त्यांनी आधी एकेक तार छेडली, मग सगळ्या मिळून, मग एक चाल सुरू केली. कोरडा, टणक, उड्या मारणारा आवाज. आमच्या दुकानात असा आवाज कधी झाला नव्हता. आई आतून पीठ भरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"देवाची आण," बाबा म्हणाले, "हा माझाच बँजो हाय."

मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी डब्यातल्या तारा उगाच नीट लावत बसले. नव्या तारांचा सूर उतरतो, मी त्यांना सांगितलं. दर स्टेशनाला पुन्हा जुळवायला लागतील. सांगली, कऱ्हाड, सातारा, प्रत्येक ठिकाणी. उद्या सकाळपर्यंत त्या बसतील.

तेवढ्यात आप्पा आले. दोन्ही खांद्यांना भोपळ्यांची पोती, अंगभर धूळ.

"शालन, कोन आलंय गं?"

बाबांनी उठून नमस्कार केला आणि सगळी हकिकत सांगितली. आप्पा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"तू लावल्यास तारा? घोडी तू बसीवलीस?"

"होय आप्पा."

"कुनाला इचारून?"

आप्पांनी तोंड धुतलं, गादीवर बसले आणि बँजोसाठी हात पुढे केला. बाबांनी तो आनंदाने दिला. मोठा मेस्त्री एकदा हात फिरवतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

आप्पांनी वरची तार छेडली. पुन्हा छेडली. कपाळाला आठी पडली. दुसरी छेडली. मग मान वाकवून गाल त्या कड्यावर टेकवला आणि तिसऱ्यांदा छेडली.

"आवाज मेलाय," ते म्हणाले. "बंद हाय पार."

"नाही हो मेस्त्री, चांगला बोलतोय की!" बाबा म्हणाले.

"पार बंद. जवारी उघडाय लागंल." आप्पांनी भराभर खुंट्या सैल केल्या, घोडी काढली आणि कानस उचलली.

"आप्पा, ह्याला जवारी नसते," मी म्हटलं.

ते घोडीचा माथा उजेडाकडे धरून बघत होते.

"आप्पा! ह्याला जवारी नसते! त्याचा आवाज कोरडाच असतो!"

"तंतुवाद्याला जवारी न्हाई? मला शिकीव आता."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. "मेस्त्री, नको हो. घासू नका. दुसरी मिळायची नाही मला, उद्या लगीन आहे." ते दोन्ही हात पुढे करून उभे होते, पण परक्याच्या घरात मेस्त्रीच्या हाताला हात कसा लावायचा, म्हणून तिथेच थबकले होते. आप्पांनी कानस टेकवली आणि एक फटका मारला. पिवळी धूळ त्यांच्या धोतरावर पडली.

मी त्यांचं मनगट धरलं.

आयुष्यात मी आप्पांना असं धरलं नव्हतं. त्यांनी हिसका दिला, मी सोडलं नाही.

"सोड, शालन."

"नाही सोडत."

"कळतंय मला," आप्पा म्हणाले. आवाज शांत होता, त्यानेच मला जास्त लागलं. "माज्या जागंवर बसायची घाई झालीया तुला. मी मरायची वाट तरी बगायची हुतीस."

"तुम्हाला ऐकू येत नाही, आप्पा!" मी ओरडले.

आई दारातच होती. तिने पदर तोंडाला लावला.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. कपाळावरची आठी तशीच होती.

"काय?" ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. कानाकडे बोट दाखवून, एकेक शब्द सुटा करून, समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वर करून बघावं एवढ्या मोठ्याने. "तुम्हाला. ऐकू. येत नाही."

ह्या वेळी त्यांना कळलं. मला ते चेहऱ्यावर दिसलं. आधी राग आला, मग तो गेला, आणि मग ते आईकडे बघायला लागले. आईने मान खाली घातली.

"किती दिस झालं?" आप्पांनी विचारलं.

मी बोटाने एक दाखवलं. "वर्ष. जास्तच."

"तंबोरे आलेते परत. ते?"

"मी नीट केले."

"कानस लावलीस?"

"होय."

"तिन्हीला?"

"होय, आप्पा."

त्यांनी कानस खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतरावरची धूळ झटकली आणि गादीच्या बाजूला सरले.

"बस," ते म्हणाले. "गाडी चुकंल त्येंची."

ते आत गेले. मी गादीवर बसले. असं बसायचं मी चार वर्षं मनात किती वेळा रंगवलं होतं. प्रत्यक्षात मी पहिल्यांदा घड्याळाकडे बघितलं. बाबांनी मूठ उघडली आणि घोडी माझ्या तळव्यावर ठेवली. कानशीच्या एका फटक्याने दुसऱ्या तारेची खाच खोल झाली होती. तार तिथे बसली की झणझणणार. मी शिंगाचा पापुद्रा काढला, नखाएवढा तुकडा कापून खाचेत बसवला. पेन्सिलीची खूण होती म्हणून घोडीची जागा तरी लगेच सापडली. पुन्हा ताणलं, पुन्हा ताडून बघितलं. साडेतीनला बँजो पेटीत गेला.

बाबांनी पैसे विचारले. मी नको म्हटलं. टांग्यात चढताना ते थांबले.

"बाय, मेस्त्रींना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले. "मी त्यांच्यापुढं जायला पाहिजे होतं, पण माझ्याच्यानं होईना."

महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. सातारा गेल्यावर तारा स्थिर झाल्या, पितळेचा आवाज लेकीला फार आवडला, असं त्यात होतं. सोबत लग्नाचा फोटो होता. फोटोत बाबा बँजो घेऊन उभे आहेत आणि त्यांचे डोळे मिटलेले आहेत.

आप्पा त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्यांनी काम सोडलं नाही. मागच्या पडवीत बसून दांड्या तासायचे, भोपळे कापायचे, आणि लाकडात त्यांच्या हाताला शेवटपर्यंत तोड नव्हती. पुढच्या खोलीत वाद्य जुळवणं सुरू झालं की मात्र ते उठून बाहेर जायचे. कधी एखादा तंबोरा पुरा झाला की येऊन भोपळ्यावर तळवा ठेवायचे, मी तारा छेडायची, आणि ते मान हलवायचे. त्या दिवसाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मीही नाही.

बाहेर मात्र मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली आहे. आज मिरजेत जवारी काढणारी बाई म्हणून लोक मला बघायला येतात आणि कशी सुरुवात झाली म्हणून विचारतात. मग मी बँजोची गोष्ट सांगते. सांगून सांगून ती आता गुळगुळीत झाली आहे: परक्या माणसाच्या लेकीचं लग्न, वाद्य मोडायची वेळ, मुलीने बापाचा हात धरला आणि नाइलाजाने खरं बोलून टाकलं. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. तुम्ही दुसरं काय करणार होता, असं म्हणतात.

एक गोष्ट मी वगळते. ऐकू येत नाही, असं मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा आप्पा दचकले होते आणि त्यांची बोटं सैल पडली होती. इनासबाबांनी तेवढ्यात वाकून घोडी काढून घेतली होती. मी ते बघितलं. आप्पांनी "काय?" विचारलं तेव्हा घोडी बाबांच्या मुठीत होती, बँजोला काही धोका उरला नव्हता, आणि आप्पांना काहीही ऐकू गेलेलं नव्हतं. काही नाही आप्पा, गाडीची वेळ झाली, एवढं म्हणून भागलं असतं.

मी पुन्हा बोलले. मला ती गादी हवी होती.